कॅपशास्त्री

बास्केटबॉलचा मोसम कॅपशास्त्र्याच्या लेखी जूनच्या अखेरीस सुरू होतो. बाकीच्या अमेरिकेचा तो तेव्हा नुकताच आटोपलेला असतो. ऑक्टोबरपासून चाललेली एनबीए संपलेली असते, करंडक डोक्यावर घेऊन कुणीतरी नाचून झालेलं असतं, विजेत्यांची मिरवणूक निघून रस्तेही झाडून झालेले असतात. खेळाडू सुट्टीवर जातात, प्रेक्षक बेसबॉलकडे वळतात आणि नेमके तेव्हाच हे गृहस्थ चष्मा पुसून लॅपटॉपसमोर बैठक मारतात. कारण ३० जूनला बाजार उघडतो. करार संपलेले खेळाडू मोकळे होतात आणि कोणता संघ कुणाला किती वर्षांसाठी किती कोटी डॉलर देणार याच्या बातम्या पटापट येऊन पडू लागतात. कॅपशास्त्र्याच्या मते खरा खेळ तो हाच. पुढचे नऊ महिने दहा माणसं चेंडू घेऊन धावतात, ती केवळ हे करार बरोबर होते की चुकले याची शहानिशा करायला.

ही जात एनबीएचा संघ असलेल्या प्रत्येक गावात सापडते. आमच्या वाट्याला आलेला नमुना मूळचा डोंबिवलीचा. हल्ली मुक्काम फ्रीमॉन्ट, कॅलिफोर्निया. पोटापाण्याला सॉफ्टवेअर, निष्ठा गोल्डन स्टेट वॉरियर्सवर. इथले क्रीडापत्रकार असल्या माणसाला 'कॅपॉलॉजिस्ट' म्हणतात, आणि तेही न हसता. आम्ही मराठी मंडळी त्यांना शास्त्रीबुवा म्हणतो. त्यांना ते आवडतं.

बुवांबरोबर मॅच बघणं हा एक वेगळाच प्रकार आहे. स्टेफ करीनं अर्ध्या मैदानावरून चेंडू टाकला आणि तो जाळीला नुसता चाटून आत गेला, की अख्खी खोली उठून ओरडते. बुवा बसल्या जागेवरून म्हणतात, "या पगारात एवढं व्हायलाच हवं." कुणाचा गुडघा दुखावला तर आम्ही "अरेरे" करतो. बुवा म्हणतात, "त्याची चिंता नको, त्याचा करार गॅरंटीड आहे. चिंता आपली." एखाद्या पोरानं पदार्पणातच कमाल केली तर आमच्या तोंडचं कौतुक संपायच्या आत ते हळहळतात, "महाग होणार हा." खेळाडूंच्या पाठीवरचे नंबर त्यांना दिसत नाहीत. तिथं त्यांना पगार दिसतो, आणि त्याखाली बारीक अक्षरांत करार संपण्याचं साल.

आकडाही नुसता सांगून चालत नाही. "कोटीबिटी मला सांगू नका," ते हात उडवून म्हणतात, "कॅपच्या किती टक्के ते बोला."

मग समोरचा नवखा असला तर त्याला पहिला धडा मिळतो. लीगचं उत्पन्न येतं कुठून, तर टीव्ही, तिकिटं, जाहिराती, जर्सी. त्यातला साधारण अर्धा, म्हणजे ४९ ते ५१ टक्के वाटा खेळाडूंचा. मालक आणि खेळाडूंची युनियन यांच्यात तसा लेखी करार आहे. त्या वाट्यावरून हिशेब करून दरवर्षी प्रत्येक संघासाठी पगाराची मर्यादा ठरते, तीच ही सॅलरी कॅप. उत्पन्न वाढलं की कॅप वाढते. कॅप वाढली की मोठ्या खेळाडूचा कमाल पगार, म्हणजे 'मॅक्स', आपोआप वाढतो, कारण तो कॅपच्या टक्क्यांत बांधलेला आहे: सहा वर्षांपर्यंत खेळलेल्याला २५ टक्के, सात ते नऊ वर्षंवाल्याला ३०, दहाच्या पुढं ३५. नव्या संघात गेलास तर दरवर्षी ५ टक्के वाढ, जुन्यातच राहिलास तर ८. "आणि जुन्या संघाला आपला माणूस राखायला कॅप ओलांडता येते. त्याला बर्ड राइट्स म्हणतात. लॅरी बर्डच्या नावावरून." इथं ते थांबतात. समोरच्यानं मान डोलावली तर धडा पुढं सरकतो. नाही डोलावली तरी सरकतो.

कॅप पहिल्यांदा आली १९८४-८५ मध्ये. तेव्हा अख्ख्या संघाला मर्यादा होती ३६ लाख डॉलर. २०२५-२६ साठी ती १५ कोटी ४६ लाख ठरली. "आता ऐका," बुवा आवाज खाली आणतात, "आज दहा वर्षं खेळलेला माणूस कुणालाच नको असला, बाकाच्या टोकाला टॉवेल घेऊन बसायला म्हणून घेतला, तरी त्याचा किमान पगार ३६ लाखांवर जातो. म्हणजे त्या वेळच्या पूर्ण संघाइतका." एवढं सांगून ते आपल्याकडे असं बघतात, की टॉवेलवाला त्यांनीच नेमला असावा.

पण बुवांचा खरा विषय म्हणजे २०१६. इतर माणसं मुलीच्या लग्नाची किंवा घराच्या वास्तुशांतीची हकिकत जितक्या वेळा सांगतात, तितक्या वेळा ते २०१६चा उन्हाळा सांगतात, आणि प्रत्येक वेळी नव्यानं हताश होतात.

झालं असं, की ऑक्टोबर २०१४ मध्ये लीगनं टीव्हीवाल्यांशी नऊ वर्षांचा २४०० कोटी डॉलरचा करार केला. पैसे सुरू होणार २०१६-१७ पासून. कॅप एकदम उसळणार हे कुणालाही दिसत होतं. लीगनं युनियनला सुचवलं, ही वाढ थोडी थोडी करून काही वर्षांत पसरू या. युनियनच्या प्रमुख तेव्हा मिशेल रॉबर्ट्स. २०१५च्या सुरुवातीला युनियननं ठाम नकार दिला. आज मिळतंय ते उद्यावर का टाकायचं? परिणाम असा, की ६ कोटी ३० लाखांची कॅप वर्षभरात ७ कोटी झाली आणि पुढच्याच वर्षी थेट ९ कोटी ४१ लाख.

तीसच्या तीस संघांच्या हाती एकदम पैसा आला. तो खर्चायलाही हवा, कारण कॅपच्या निदान ९० टक्के पगार द्यायचेच असा नियम होता. थोरामोठ्यांना द्यावा तर त्यांना मॅक्सचं झाकण, शिवाय त्या वर्षी मोकळे झालेले थोर मोजकेच. मग तो पैसा वाहत वाहत गेला मधल्या फळीकडे. सहा फूट नऊ इंच उंची आणि रिकामं कॅलेंडर एवढ्या भांडवलावर माणसं पिढ्यान्‌पिढ्यांची सोय करून गेली.

बाजार उघडला तेव्हा पूर्वेकडे मध्यरात्र झाली होती, म्हणजे कॅलिफोर्नियात रात्रीचे नऊ. वहिनींनी पानं वाढली होती. पहिल्या काही मिनिटांतच बातमी आली, की लेकर्सनी तिमोफे मोझगॉव्हला चार वर्षांचे ६ कोटी ४० लाख डॉलर दिले. सात फूट एक इंचाचा हा रशियन गृहस्थ नुकत्याच झालेल्या अंतिम मालिकेत बहुतेक वेळ बाकावर बसून होता.

"मोझगॉव्ह!" बुवा किंचाळले.

"माझगावला काय झालं?" वहिनी घाबरून स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. त्यांचे मामा तिथं राहत होते.

मामा सुखरूप असल्याचं कळेपर्यंत आणखी करार येऊन पडले. निक्सनी जोअकिम नोआला चार वर्षांचे ७ कोटी २० लाख दिले. ऑर्लँडोनं बिस्मॅक बियोम्बोला चार वर्षांचे ७ कोटी २० लाख. लेकर्सनी पुन्हा उठून लुऑल डेंगला चार वर्षांचे ७ कोटी २० लाख. जणू हा आकडा कुणीतरी आधीच छापून ठेवला होता आणि वर फक्त नाव घालायचं बाकी होतं. मेम्फिसनं माइक कॉनलीला पाच वर्षांचे १५ कोटी ३० लाख दिले. तोपर्यंतच्या एनबीएच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा करार होता, आणि कॉनली तोवर एकदाही ऑल-स्टार झालेला नव्हता. माणूस गुणी, शांत, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण इतिहासात जाऊन बसला तो केवळ करार संपण्याची तारीख बरोबर निघाली म्हणून.

बुवांचं सगळ्यात जिव्हाळ्याचं प्रकरण मात्र हॅरिसन बार्न्स. हा आपला, वॉरियर्सचा. २०१५च्या शरदात वॉरियर्सनी त्याला चार वर्षांचे ६ कोटी ४० लाख देऊ केले आणि त्यानं ते नाकारले, अशा बातम्या होत्या. पुढं तो मोसम वॉरियर्सनी ७३ विजय आणि ९ पराभवांनी गाजवला, अंतिम मालिकेत ३-१ अशी आघाडी घेतली आणि क्लीव्हलंडकडून हरून ती घालवलीही. शेवटच्या तीन सामन्यांत बार्न्सनं ३२ फेकी केल्या. आत गेल्या ५. आपल्याकडे एवढ्यावर माणसाला गल्लीच्या संघातून काढतात. बार्न्सला डॅलसनं काही दिवसांत सुमारे ९ कोटी ४० लाख दिले.

"सत्तावीस चुकवल्या आणि तीन कोटी वाढले," बुवा सांगतात. मग त्यांच्यातला शास्त्री जागा होतो आणि ते स्वतःलाच दुरुस्त करतात. "चुकवल्या म्हणून नाही हो. कॅप वाढली म्हणून. त्यानं बत्तीसच्या बत्तीस टाकल्या असत्या तरी मॅक्स तेवढाच होता." हे वाक्य ते ज्या समाधानानं उच्चारतात, त्यावरून त्या पराभवाचं दुःख त्यांना झालं होतं की नाही याची शंका येते.

याच उसळीमुळे केव्हिन ड्युरंटसारखा थोर खेळाडू ७३ सामने जिंकलेल्या संघात येऊन बसू शकला. एरवी तो परवडला नसता. दोन वर्षांचे सुमारे ५ कोटी ४० लाख, दुसऱ्या वर्षी राहायचं की नाही हे त्याच्या मर्जीवर. त्यात आणखी एक गंमत होती. करीनं २०१२ मध्ये, घोटे सारखे मुरगळत असताना, चार वर्षांचे ४ कोटी ४० लाख घेऊन सही केली होती. त्यामुळे २०१६-१७ मध्ये, लीगचा एकमतानं निवडलेला पहिलावहिला एमव्हीपी, आपल्याच संघात पगाराच्या क्रमानं चौथा होता. ड्युरंट, थॉम्पसन, ग्रीन आणि मग करी. बुवांनी तो तक्ता अजून जपून ठेवलाय. पुढच्याच वर्षी करीनं पाच वर्षांचे २० कोटी १० लाख घेतले तेव्हा लोकांनी तोंडात बोटं घातली. बुवांना मात्र ती थकबाकी वाटली.

कॅपच्या या चढणीवर गुणांपेक्षा तारखेला किंमत येते. सातवा वेतन आयोग लागू व्हायच्या आदल्या महिन्यात निवृत्त झालेला आणि ग्रॅच्युइटी जुन्या मर्यादेत घेऊन घरी बसलेला एक तरी काका प्रत्येक घराण्यात असतो. एनबीएतला तो काका म्हणजे आयझेया थॉमस. उंची पावणेसहा फूट, म्हणजे त्या अरण्यात झुडूपच. २०१४ मध्ये त्यानं चार वर्षांचे २ कोटी ७० लाख स्वीकारले होते. २०१६-१७ मध्ये हा बॉस्टनसाठी सामन्यामागे २८.९ गुण करत होता आणि त्याचा वर्षाचा पगार होता ६६ लाख. त्याच वर्षी लेकर्सकडे सामन्यामागे सात-साडेसात गुण करणाऱ्या मोझगॉव्हला १ कोटी ६० लाख मिळत होते. थॉमसचा करार संपला २०१८ मध्ये. तोवर त्याचं खुब्याचं दुखणं बळावलेलं. कॅपच्या चढणीचा जोरही ओसरलेला. २०१७-१८ साठी अंदाज १० कोटींच्या वरचे होते, ती ९ कोटी ९१ लाखांवर थांबली. आणि संघांच्या तिजोऱ्या कुठं होत्या? मोझगॉव्ह, नोआ, डेंग यांच्या घरी. थॉमसनं डेन्व्हरकडे किमान पगारावर सही केली.

हे सांगताना बुवांचा आवाज किंचित बदलतो. एवढ्या एका माणसाबद्दल ते टक्क्यांत बोलत नाहीत.

बाकीच्यांना मात्र दयामाया नाही. वाईट करार सहीच्या दिवशी संपत नाही, हे त्यांचं दुसरं सूत्र. मोझगॉव्हला लेकर्सनी वर्षभरात ब्रुकलिनच्या गळ्यात बांधलं, पण त्यांनी ते बांधून घ्यावं म्हणून डी'अँजेलो रसेल हा तरुण खेळाडू वर द्यावा लागला. डेंग खपेनाच. त्याला २०१८ मध्ये सोडलं आणि उरलेली रक्कम 'स्ट्रेच' केली, म्हणजे हप्ते पाडले: वर्षाला सुमारे ५० लाख, २०२१-२२ पर्यंत. डेंग २०१९ मध्ये निवृत्त झाला. २०२० मध्ये लेकर्स विजेते झाले. त्या विजेत्या संघाच्या पगारपत्रकावर निवृत्त डेंग होताच. निक्सनीही नोआचे असेच हप्ते भरले. वॉरियर्सवाल्यांना लेकर्सचं विजेतेपद झोंबलं तेव्हा बुवांनी आमचं सांत्वन केलं: "होऊ दे त्यांना आनंद. अजून दोन वर्षं डेंग आहे."

२०१९च्या ऑक्टोबरात एनबीए मुंबईत आली. सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स, वरळीचा एनएससीआय डोम, भारतातले एनबीएचे पहिले सामने. किंग्जचे मालक विवेक रणदिवे मुंबईतच जन्मले, त्यामुळे तिकडे कौतुकाला भरतं आलेलं. बुवा तेव्हा रजेवर डोंबिवलीला होते. भाच्याला घेऊन गेले. पहिला सामना जादा वेळेत गेला, पेसर्सनी १३२-१३१ असा एका गुणानं मारला, डोम डोक्यावर घेतला पोरांनी. भाचा आल्यावर आईला सांगत होता, की मामानं पूर्ण वेळ एकाच माणसाकडे बोट दाखवलं.

तो माणूस म्हणजे हॅरिसन बार्न्स. तेव्हा तो किंग्जकडे होता.

"मामा, तो एवढा भारी आहे?"

"भारी नाही रे, उतरता आहे."

त्याच उन्हाळ्यात बार्न्सनं चार वर्षांचे ८ कोटी ५० लाख घेतले होते. पहिल्या वर्षी सुमारे २ कोटी ४० लाख, मग दरवर्षी थोडे कमी, चौथ्या वर्षी १ कोटी ८० लाखांच्या आसपास. "कॅप वर, पगार खाली," बुवा दोन्ही हातांनी कात्री करून दाखवत म्हणाले. "एकूण पैसे तेवढेच, पण टक्के बघ कसे उतरतात. यापेक्षा सुंदर काही पाहिलंयस?" भाच्यानं थोड्या वेळापूर्वी डोक्यावरून उडी मारून टाकलेली बास्केट पाहिली होती, पण तो संस्कारी मुलगा होता. त्यानं मामाला बरं वाटावं म्हणून विचारलं, आपल्या आयपीएलमध्येही पर्स असते ना? बुवांचे डोळे चमकले. २००८ मध्ये संघाची पर्स ५० लाख डॉलर, चेन्नईनं धोनीला घेतलं १५ लाखांना. "तीस टक्के," बुवा पुटपुटले. "सात ते नऊ वर्षंवाल्याचा मॅक्स. बरोबर पकडलं होतं चेन्नईनं." धोनीची याहून मोठी स्तुती त्यांच्या तोंडून कुणी ऐकलेली नाही.

मधल्या काळात बुवांवर एक संकट आलं. २०२३च्या नव्या करारात मालकांनी आणि युनियननं मिळून ठरवलं, की कॅप एका वर्षात १० टक्क्यांहून जास्त वाढायची नाही. पुढं २०२४ मध्ये टीव्हीवाल्यांशी अकरा वर्षांचा साडेसात हजार कोटी डॉलरहून मोठा करार झाला. २०१६चे नियम असते तर पुन्हा कल्लोळ झाला असता. पण कॅप १४ कोटी ६ लाखांवरून अगदी सरळ १० टक्के चढली आणि थांबली. शहाणपणाचा नियम. कुणी अचानक लॉटरी लागल्यासारखा श्रीमंत होणार नाही, कुणी वर्षभराच्या फरकानं मारला जाणार नाही. बुवा महिनाभर सुतकात होते. "आता मोझगॉव्ह होणे नाही," म्हणाले. तेव्हा आम्हाला कळलं, की दर वर्षी शिव्या देत ते त्याच्यावर जगत होते. दुसऱ्याच्या घोडचुका हेच ज्या शास्त्राचं अन्न, ते शास्त्र शहाण्यांच्या राज्यात उपाशी मरणार.

पण नियम करणाऱ्यांनी एका हातानं काढून घेतलं ते दुसऱ्या हातानं दिलं. पगार फार फुगले की संघानं भरायचा तो लक्झरी टॅक्स. त्याच्या रेषेवर आधी एप्रन नावाची एकच रेषा होती, आता दोन झाल्या, पहिला एप्रन आणि दुसरा एप्रन. दुसरा एप्रन ओलांडला, की दोन खेळाडूंचे पगार जोडून एक मोठा खेळाडू घेता येत नाही, सौद्यात रोख पैसे घालता येत नाहीत, कॅपवर असूनही मधल्या पगाराचा खेळाडू घ्यायची मिड-लेव्हलची सवलत जाते, सात वर्षांनंतरची ड्राफ्टची, म्हणजे नवे खेळाडू निवडायची, पाळीही गोठते. बॉस्टननं २०२४ मध्ये विजेतेपद मिळवलं आणि वर्षभरानं, २०२५च्या उन्हाळ्यात, ज्रू हॉलिडे आणि क्रिस्टाप्स पोर्झिंगिस हे दोन मोहरे केवळ त्या रेषेखाली उतरण्यासाठी देऊन टाकले. बुवांच्या चेहऱ्यावर पुन्हा तेज आलं. आता त्यांच्या एक्सेलमध्ये तीन रंगांच्या तीन रेषा आहेत.

त्याच उन्हाळ्यात त्यांच्याकडे जेवायला पुण्याहून आलेले एक पाहुणे होते. शे गिल्जस-अलेक्झांडरच्या नव्या कराराची बातमी टीव्हीवर चालली होती: चार वर्षांचे २८ कोटी ५० लाख डॉलर. पाहुण्यांनी मनातल्या मनात रुपये केले आणि घास हातात तसाच राहिला.

"चेंडू टाकायचे एवढे?" ते म्हणाले. "कुठं चाललंय हे सगळं?"

"पस्तीस टक्के," बुवा शांतपणे म्हणाले. "वाढलेत कुठं? १९९७-९८ मध्ये मायकेल जॉर्डनला ३ कोटी ३१ लाख होते. तेव्हा अख्ख्या संघाची कॅप २ कोटी ६९ लाख. टक्के करा. एकशे तेवीस! हा पोरगा जॉर्डनच्या तिसऱ्या हिश्श्यालाही पोचत नाही."

"मग मधे झालं काय?" हा प्रश्न वहिनींचा. त्या इथल्या सरकारी शाळेत शिकवतात. पगाराचा तक्ता युनियननं भांडून ठरवलेला, त्यामुळे असल्या विषयात त्यांना गती आहे.

बुवांनी सांगितलं. १९९७ मध्ये मिनेसोटानं एकविशीतल्या केव्हिन गार्नेटला सहा वर्षांचे १२ कोटी ६० लाख दिले. मालक हादरले. १९९८-९९ मध्ये टाळेबंदी झाली, मोसम कापून ५० सामन्यांवर आला, आणि त्यातून मॅक्सचा नियम निघाला. खेळाडू कितीही थोर असला तरी टक्क्यांच्या वर नाही.

"म्हणजे थोरांचे कापून ते मधल्यांना मिळाले."

"बरोबर. एकूण वाटा ठरलेलाच असतो. कमी वाटला गेला तर उरलेला खेळाडूंतच वाटतात, जास्त गेला तर त्यांच्या पगारातून राखून ठेवलेल्या दहा टक्क्यांतून परत घेतात."

"मग त्या माझगाववाल्याला दिले नसते, तर ते पैसे मालकाकडे राहिले असते का?"

"नाही. दुसऱ्या कुठल्यातरी खेळाडूला गेले असते."

"मग तुम्ही इतकी वर्षं कुणासाठी हळहळताय?"

बुवांनी आमटी वाढून घेतली. वहिनी थांबल्या नाहीत. हे वॉरियर्स मालकांना कितीला पडले होते, त्यांनी विचारलं. २०१० मध्ये ४५ कोटींना, बुवा म्हणाले. आणि आता असा संघ कितीला जातो? बॉस्टन ६१० कोटींना गेलं, लेकर्स १००० कोटींच्या हिशेबानं. हे आकडे बुवांनी न अडखळता सांगितले, कारण त्यांना सगळेच आकडे पाठ असतात.

"आणि मालकाला मॅक्स किती टक्के?"

पाहुण्यांनी घास खाली ठेवला. बुवांचा हात सवयीनं लॅपटॉपकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. असा रकाना त्यात नव्हता.

"मालकाला मॅक्स नसतो," ते शेवटी म्हणाले.

"२०२२ला तुमचे वॉरियर्स जिंकले, तेव्हा इथं बसलेले सगळे नाचत होते आणि तुम्ही तोंड पाडून टॅक्स मोजत होतात."

"सतरा कोटी डॉलर टॅक्स होता त्या वर्षी!"

"तुम्ही भरलात?"

हा प्रश्न बुवांना आजवर कुणी विचारला नव्हता. महिना संपला की पगार घेणारा, दर वर्षी तीन टक्के वाढीवर मान डोलावणारा, कंपनीच्या उत्पन्नातला किती वाटा आपल्यासारख्यांना जातो हे कधी न विचारलेला हा सज्जन गृहस्थ, अब्जाधीशाचा कर वाचवायला रात्र रात्र जागत होता, आणि पगारदार खेळाडूंवर मात्र चरफडत होता. आता काहीतरी उमज पडेल, निदान एक सुस्कारा तरी बाहेर येईल, म्हणून आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत राहिलो.

बुवांनी बराच विचार केला. मग चष्मा वर सरकवून ते वहिनींना समजुतीच्या सुरात म्हणाले, "तसं नाही ग. टॅक्स ते भरतात. पण आपण दुसऱ्या एप्रनखाली राहिलो ना, तर पुढच्या वर्षी मिड-लेव्हल मिळतं."

"कुणाला?" वहिनींनी विचारलं.

"आपल्याला," बुवा म्हणाले.